उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर : प्रेक्षणीय स्थळे

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत लोहमार्गालगत वसलेला दाट लोकवस्तीचा नागरी पट्टा. मुंबईपासून लोहमार्गाने उल्हासनगर सु. ५८ किमी., अंबरनाथ सु. ६० किमी. व बदलापूर सु. ६८ किमी. अंतरावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अनुक्रमे सु. ५,०६,०००, सु. २,५३,००० व सु. १,७४,००० होती. मुंबई महानगर प्रदेशाचा हा भाग सामान्यतः नोकरदारांची वसाहत व कारखान्यांचे क्षेत्र म्हणून ओळखला जातो. तथापि अकराव्या शतकातील एक अप्रतिम शिवमंदिर, फाळणीनंतर निर्वासितांनी लष्करी छावणीतून घडविलेले नगर, मलंगगड व चंदेरी हे डोंगरी किल्ले, कोंडेश्वराचे कुंड व बारवी धरणाचा जलाशय अशी परस्परांहून अगदी भिन्न प्रकारची स्थळे येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. या सर्व स्थळांचा येथील नद्यांशी निकटचा संबंध आहे. मंदिर, छावणी व कारखाने यांना जागा मिळाली ती पाण्याच्या सान्निध्यामुळे, आणि आज या स्थळांपुढील प्रमुख प्रश्नही पाण्याचाच आहे.

भूस्वरूप : लोहमार्गाच्या एका बाजूस उल्हास नदीचे खोरे व दुसऱ्या बाजूस मलंगगड–तावली–चंदेरी ही माथेरानच्या डोंगररांगेशी निगडित असलेली बेसाल्ट खडकाची रांग आहे. उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ व बदलापूर यांवरून वाहत येते. बारवी, भातसा, काळू यांचे पाणी घेऊन ती कल्याणजवळ खाडीचे रूप धारण करते व पुढे वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. डोंगराकडून येणारी वालधुनी ही लहान नदी अंबरनाथच्या मंदिराजवळून व उल्हासनगरच्या वस्तीतून वाहत जाऊन कल्याणजवळ तिच्यात विलीन होते. पावसाचे प्रमाण भरपूर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कल्याणपर्यंत १८५४ मध्ये आलेला लोहमार्ग १८५६ मध्ये या भागातून घाटाच्या पायथ्याकडे नेण्यात आला. अंबरनाथजवळ काकोळे येथे डोंगराच्या पायथ्याशी असलेला, जी. आय. पी. टँक या नावाने परिचित असलेला रेल्वेचा जुना तलाव त्या काळाची आठवण देतो.

अंबरनाथचे शिवमंदिर : या परिसरातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ. अंबरनाथ रेल्वे स्थानकापासून पूर्व भागात सु. २ किमी. अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर उभे आहे. मंदिराच्या उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर आतील बाजूस एक शिलालेख असून त्यात शके ९८२ (इ. स. १०६०) हे वर्ष, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील महामंडलेश्वर माम्वाणिराजाचे (मुम्मुणी, कार. सु. १०४५–७०) नाव आणि त्याचा भाऊ छित्तराज याचा उल्लेख आढळतो. त्यावरून मंदिराच्या उभारणीस छित्तराजाच्या कारकीर्दीत (सु. १०२२–३५) प्रारंभ झाला व मुम्मुणीच्या काळात ते पूर्णत्वास नेण्यात आले, असे सामान्यतः मानण्यात येते. भाऊ दाजी लाड यांनी लेखाचे प्रथम वाचन केले, तेव्हा त्यांनी वर्ष शके ७८२ असे घेतले होते. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवून दिले. पहिल्या अंकाच्या वाचनातील या फरकामुळे मंदिराचा काळ दोन शतकांनी पुढे आला. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात (१९७७) हा लेख समाविष्ट केला आहे. [→ शिलाहार घराणे].

मंदिर पश्चिमाभिमुख असून मंडप व गर्भगृह असे त्याचे दोन मुख्य भाग आहेत. मंडप सु. ७ मी. चौरस आहे. त्याला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांस द्वारे असून प्रत्येक द्वारापुढे मुखमंडप आहे. मंडपाच्या मध्यभागी असलेले चार स्तंभ तळापासून माथ्यापर्यंत कोरीव कामाने भरलेले असून त्यांवर एकात एक लहान होत जाणाऱ्या वर्तुळांचे नक्षीदार छत तोलले आहे. गर्भगृह सु. ४ मी. चौरस असून मंडपाच्या पातळीपासून बरेच खाली आहे. काही पायऱ्या उतरून त्यात जावे लागते. आतील शिवलिंग स्वयंभू मानले जाते. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नसल्याने गर्भगृह वरून उघडे आहे व लिंगावर थेट आकाशातील प्रकाश पडतो. शिखराचा हा भाग कोसळला, की तो मुळात पूर्णच झाला नव्हता, याविषयी मतभेद आहेत. पांडवांनी एका रात्रीत मंदिर बांधावयास घेतले व पहाट झाल्याने छत अपुरे राहिले, अशी लोककथा परिसरात रूढ आहे. उघड्या गर्भगृहाचे लोकांनी शोधलेले स्पष्टीकरण म्हणून ती लक्षणीय ठरते. मंदिराचा काळ मात्र शिलालेखाने निश्चित होतो.

शैलीच्या दृष्टीने हे मंदिर ‘भूमिज’ प्रकारात मोडते. या प्रकारात शिखराच्या चारही दिशांना तळापासून माथ्यापर्यंत एकेक कोरीव पट्टा (लता) चढत जातो व दोन पट्ट्यांमधील जागेत छोट्या स्तंभशिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. वर जाताना ही शिखरे लहान होत जातात. त्यामुळे शिखराची उंची आहे त्याहून अधिक भासते. भूमिज शैलीचा विकास माळव्यात परमारांच्या आश्रयाने झाला. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर (१०८०) हे तिचे सर्वमान्य उदाहरण होय. अंबरनाथचे मंदिर त्याहूनही वीस वर्षे आधीचे असून काळ निश्चितपणे ज्ञात असलेल्या प्राचीन भूमिज मंदिरांत त्याची गणना होते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर याच परंपरेतील, परंतु नंतरचे आहे. अंबरनाथचे मंदिर बोलीभाषेत ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. तथापि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या सु. दोनशे वर्षे आधीच्या या वास्तूला ते नाव केवळ लौकिक अर्थानेच लागू पडते. [→ हेमाडपंती वास्तुशैली].

बाह्य भिंती ओळीने पुढे-मागे घेतलेल्या कोनांनी घडविल्या आहेत. त्यामुळे दिवसभर छायाप्रकाश बदलत राहतो व काळ्या दगडातील मूर्ती उठावदार दिसतात. तळाच्या थरांत कीर्तिमुखे, हत्तींची रांग (गजथर) व मानवी आकृतींची रांग (नरथर) कोरलेली आहे. त्यांवरील देवकोष्ठांत व स्तंभभागांवर शिवाची विविध रूपे आढळतात. नटराज, अंधकासुर व गजासुर यांचा वध करणारा शिव, शिव-पार्वती विवाह, तसेच ब्रह्मदेव, महिषासुरमर्दिनी, दिक्पाल आणि अनेक देवतांची लक्षणे एकत्र आलेली संयुक्त मूर्ती ही शिल्पे विशेष पाहण्यासारखी आहेत. दर्पण घेतलेल्या, नृत्य करणाऱ्या अथवा वाद्य वाजविणाऱ्या सुरसुंदरींच्या मूर्तींतून तत्कालीन वेशभूषा व केशरचना यांची कल्पना येते. पाषाण स्थानिक बेसाल्ट असून तो कठीण आहे. असे असूनही अनेक ठिकाणी कडा झिजल्या आहेत व चेहरे अस्पष्ट झाले आहेत. मूर्ती पाहण्यास सकाळचा वा उतरत्या उन्हाचा तिरपा प्रकाश उपयुक्त ठरतो. मंदिराभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा तळाचे थर पाहत व दुसरी शिखराकडे पाहत केल्यास रचनेचा उलगडा चांगला होतो.

मंदिराकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेधले गेले. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी येथे येऊन आरेखने केली व शिल्पांचे साचे घेतले. हिंदी वास्तूंच्या पद्धतशीर नोंदणीच्या आरंभीच्या प्रयत्नांत या कामाचा समावेश होतो. इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात १८७४ साली व ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये १८८२ साली मंदिराचे वर्णन प्रसिद्ध झाले. सध्या ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. येथे नित्य पूजा चालते. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते व श्रावणी सोमवारी दर्शनार्थींची गर्दी असते. वास्तूचा शांतपणे अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हे दिवस टाळावेत. उलट, हजार वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले हे देवालय आजही चालते देवस्थान आहे याचा प्रत्यय याच दिवसांत येतो.

अंबरनाथ नगर : मंदिराच्या नावाने ओळखले जाणारे नगर विसाव्या शतकात उद्योगांमुळे वाढले. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा (स्थापना १९१९) सुपरफॉस्फेट खताचा कारखाना येथे निघाला. भारतातील या उद्योगाचा तो आरंभ मानला जातो. त्यानंतर विमको कंपनीचा आगकाड्यांचा कारखाना आणि स्वातंत्र्योत्तर काळात आयुध निर्माणी व यंत्रसामग्रीचा आदिरूप कारखाना (दोन्ही १९५३) सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे रासायनिक व अभियांत्रिकी उद्योगांची पुढे मोठी वाढ झाली. जुन्या कारखान्यांपैकी विमकोसारखे काही आता बंद झाले आहेत. कारखाने प्रेक्षणीय स्थळांत मोडत नसले, तरी मंदिराच्या परिसरातील बदल समजून घेण्यास त्यांची पार्श्वभूमी आवश्यक आहे.

उल्हासनगर : येथे एखादी प्राचीन वास्तू नाही. नगराचे एकूण स्वरूप हेच येथे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या मोकळ्या माळावर लष्कराने छावणी उभारली. तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून समुद्रमार्गे मुंबईस आलेल्या हिंदू निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आसरा देण्यात आला. त्यांची संख्या जवळजवळ एक लाख होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली व उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. नगराचे ‘कॅम्प’ या नावाचे पाच विभाग असून पत्ते आजही ‘उल्हासनगर–१’ ते ‘उल्हासनगर–५’ असेच लिहिले जातात. छावणीची आखणी अशा रीतीने नगराच्या बोलीत टिकून राहिली आहे. नगरपालिका १९६० मध्ये व महानगरपालिका १९९६ मध्ये स्थापन झाली. क्षेत्रफळ केवळ सु. १३ चौ. किमी. असल्याने लोकसंख्येची घनता अतिशय मोठी आहे.

शेतजमीन नाही व नोकरीची हमी नाही, अशा अवस्थेत आलेल्या सिंधी कुटुंबांनी पापड, लोणची, मिठाई, शिवणकाम व फेरीचा व्यापार यांपासून सुरुवात केली. बराकीच्या एका भागात कुटुंब राहत असे व दुसऱ्या भागात माल तयार होई. त्यातून कापड, तयार कपडे, लाकडी सामान, विजेची उपकरणे यांचे लहान-मोठे उद्योग उभे राहिले. जपानी बाजार, कापडाच्या गल्ल्या व लाकडी सामानाच्या पेठा ही येथील प्रमुख आकर्षणे होत. लग्नसराईत तर ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या दूरच्या गावांतूनही लोक खरेदीस येतात. येथील कारागीर कोणत्याही परदेशी वस्तूची प्रतिकृती करतात, असा लौकिक असून ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’च्या आद्याक्षरांवरून ‘यू. एस. ए.’चा माल म्हणण्याचा विनोद सर्वपरिचित आहे. कॅम्प ५ मधील जीन्सच्या कपड्यांचा उद्योग देशभर प्रसिद्धीस आला. मात्र त्यातील धुलाई व रंगाईचे सांडपाणी नदीत जात असल्याने न्यायालयीन व शासकीय कारवाईनंतर असे अनेक कारखाने बंद झाले अथवा अन्यत्र गेले.

सिंधी संस्कृतीचा परिचय करून घेण्यास महाराष्ट्रात उल्हासनगराइतके योग्य ठिकाण क्वचितच असेल. झुलेलाल (उदेरोलाल) हे सिंधी हिंदूंचे जलाशी संबद्ध आराध्य दैवत. चैत्र शुद्ध द्वितीयेस येणारा चेटीचंड हा त्यांचा नववर्षाचा सण असून त्या दिवशी बहराणा साहेबाची मिरवणूक काढून ज्योतीचे पाण्यात विसर्जन केले जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘चालीहो’ हे चाळीस दिवसांचे व्रत पाळतात. कॅम्प ५ मधील चालिया साहेब मंदिर या व्रताचे प्रमुख केंद्र असून तेथील ज्योत सिंधमधून आणलेली आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. सिंधी परंपरेत नानकपंथाचा प्रभाव मोठा असल्याने ‘दरबार’ व ‘टिकाणा’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनास्थळांत गुरू ग्रंथसाहेब व हिंदू देवता यांची एकत्र उपासना आढळते. स्वामी शांतिप्रकाश आश्रम हेही एक प्रमुख धार्मिक केंद्र आहे. दाल-पकवान, कोकी, साईभाजी हे सिंधी खाद्यपदार्थ येथील उपाहारगृहांत सहज मिळतात. प्रांत गमावलेल्या या भाषेस १९६७ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. नव्या पिढीत मात्र घराबाहेर सिंधीचा वापर कमी होत चालला आहे. बराकीही झपाट्याने नाहीशा होत असून त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आहेत. अनधिकृत बांधकामांची संख्या इतकी वाढली, की ती नियमित करण्यासाठी राज्य शासनास २००६ मध्ये केवळ या शहरापुरता स्वतंत्र अधिनियम करावा लागला. फाळणीच्या इतिहासाचा साक्षीदार असलेली एखादी तरी बराक मूळ स्वरूपात जतन होणे अगत्याचे आहे.

नगराच्या कल्याणकडील टोकास शहाड येथे सेंचुरी रेयॉनच्या कारखान्याच्या परिसरात, उल्हास नदीजवळ, बिर्ला मंदिर या नावाने प्रसिद्ध असलेले विठ्ठल मंदिर आहे. आषाढी व कार्तिकी एकादशीस पंढरपूरला जाऊ न शकणारे या भागातील असंख्य वारकरी येथे दर्शनास येतात.

मलंगगड : अंबरनाथ तालुक्यातील हा किल्ला कल्याण व अंबरनाथ या दोन्ही बाजूंनी दिसतो. पीरमाची, सोनमाची व बालेकिल्ला असे त्याचे तीन टप्पे आहेत. माचीपर्यंत पायऱ्यांची वाट असली, तरी बालेकिल्ल्याची चढण अत्यंत उभी व अवघड असून अनुभवी गिर्यारोहकांनीच दोरांच्या साहाय्याने ती करावी. पहिल्या इंग्रज–मराठे युद्धात, १७८० मध्ये, ॲबिंग्टन याच्या हाताखालील इंग्रज तुकडीने खालचा भाग घेतला. परंतु वरचा गड मराठ्यांनी लढवत ठेवला.

माचीवर हाजी मलंग अथवा बाबा मलंग यांचा दर्गा आहे. परंपरेनुसार हाजी अब्दुल रहमान हे अरब साधुपुरुष बाराव्या शतकात येथे आले व नल राजाने आपली कन्या त्यांस दिली. या दोघांच्या समाध्या येथे दाखविल्या जातात. नाथपंथी भाविकांच्या मते हे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान होय. दर्ग्याची वहिवाट अनेक पिढ्या कल्याणच्या एका ब्राह्मण घराण्याकडे राहिली आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेस हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक मोठ्या संख्येने येतात. स्थळाच्या धार्मिक स्वरूपाविषयीचा वाद विसाव्या शतकाच्या अखेरीस तीव्र झाला व न्यायालयापर्यंत गेला. तथापि संमिश्र उपासनेची दीर्घ परंपरा हे या स्थळाचे वैशिष्ट्य एकोणिसाव्या शतकातील नोंदींतही आढळते.

बदलापूर व सभोवताल : सुरतेकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर येथे घोडे बदलले जात, म्हणून ‘बदलापूर’, अशी व्युत्पत्ती सांगतात व तिचा संबंध शिवकालाशी जोडतात. ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली, तरी ती परंपरागत समजुतीपलीकडे नेता येत नाही. कुळगाव व बदलापूर ही मूळची दोन वेगळी गावे मिळून आजचे शहर झाले. मुंबईतील घरांच्या किमती वाढल्यामुळे मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. दुर्मिळ मराठी पुस्तके व जुनी नियतकालिके यांच्या संग्रहासाठी नावाजलेले श्याम जोशी यांचे ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय याच शहरात उभे राहिले. आसपासच्या गावांतील जांभळे प्रसिद्ध असून उन्हाळ्याच्या अखेरीस आदिवासी स्त्रिया ती पानांच्या द्रोणांतून स्थानकाजवळ विकावयास आणतात.

मूळगाव येथील टेकडीवरील खंडोबाचे देऊळ व डोंगराच्या पायथ्याशी असलेले कोंडेश्वर ही जवळची देवस्थाने होत. कोंडेश्वर येथे शंकराचे मंदिर असून त्याजवळ ओढ्याचे पाणी खडकावरून खालच्या कुंडात कोसळते. पावसाळ्यातील हे दृश्य रमणीय असले, तरी कुंडातील खोली व प्रवाहाचा वेग यांचा अंदाज न आल्याने येथे अनेक तरुणांना प्राण गमवावे लागले आहेत. त्यामुळे पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश लागू करते. ते पाळणे इष्ट आहे. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान लोहमार्गावरून दिसणारा सुळका चंदेरी किल्ल्याचा होय. चिंचवलीच्या बाजूने ओढ्याच्या वाटेने चढून गेल्यावर गुहा लागते. तीत शिवलिंग आहे. पुढील सुळक्याची वाट निसरडी असून हिवाळा हाच चढाईस योग्य ऋतू आहे.

बारवी धरण : बदलापूरपासून मुरबाडच्या दिशेस, वनाच्छादित टेकड्यांत, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बारवी नदीवर मातीचे धरण बांधले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. शेवटच्या टप्प्यानंतर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच नव्या पातळीपर्यंत भरला व साठवणक्षमता सु. ३४० दशलक्ष घनमीटर झाली. औद्योगिक वसाहती तसेच ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरे या पाण्यावर अवलंबून आहेत. हिरव्या टेकड्यांनी वेढलेला जलाशय मनोहर दिसतो. या पाण्याखाली तोंडली, मोहघर, काचकोली इ. गावांची घरे व शेते गेली. त्यांतील अनेक कुटुंबे आदिवासी होती. पुनर्वसन व नोकऱ्या यांसाठी त्यांना दीर्घकाळ लढा द्यावा लागला. उंची वाढवूनही पाणी पूर्ण पातळीपर्यंत साठविण्यास विलंब झाला, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते. धरणाचा मुख्य भाग सुरक्षिततेच्या कारणास्तव पर्यटकांस खुला नसतो. जलाशयाचे दर्शन रस्त्यावरून घडते.

जतनाचे प्रश्न : या परिसरातील स्थळांच्या भवितव्याचा विचार नद्यांपासून करावा लागतो. वालधुनी नदीत कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी मिसळत गेल्याने अंबरनाथ मंदिराजवळील तिचा प्रवाह नाल्याच्या अवस्थेस पोहोचला. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून रसायन या नदीत सोडण्यात आल्यामुळे उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण व सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे गेला. त्यानंतर सांडपाण्यावरील प्रक्रियेच्या काही उपाययोजना हाती घेण्यात आल्या. परंतु उल्हास नदीत उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी पाण्यातील मैल्याचे प्रमाण अद्याप कमी झालेले नाही हेच दर्शविते. नदीचे पात्र आक्रसल्याचे परिणाम पुरातही दिसून येतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या तिन्ही शहरांतील नदीकाठच्या वस्त्यांची अपरिमित हानी झाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली व सु. १,०५० प्रवाशांना नौदल, वायुदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व स्थानिक ग्रामस्थ यांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले.

प्राचीन वास्तूंविषयीच्या १९५८ च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मी. पर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई असून त्यापुढील २०० मी. पर्यंत त्यावर नियंत्रण आहे. या तरतुदीमुळे मंदिराच्या अगदी लगतचा भाग काहीसा मोकळा राहिला. मात्र दगडाला पोहोचणारी हवा व आर्द्रता किंवा शेजारून वाहणारे पाणी यांना अशी सीमारेषा आखता येत नाही. मंदिराच्या परिसराचे सुशोभन, घाट व कलामहोत्सव यांसारखे उपक्रम अलीकडील काळात हाती घेण्यात आले आहेत. त्यांची खरी उपयुक्तता नदीचे पाणी स्वच्छ होण्यावर अवलंबून राहील. शिलाहार काळात मंदिरासाठी नदीकाठची ही जागा निवडली गेली, ती नदी वाहती व निर्मळ होती म्हणून. वास्तू व तिचे स्थान यांचा हा मूळ संबंध पुनःस्थापित झाल्याशिवाय मंदिराचे जतन अपुरेच राहील.

प्रवाशांसाठी : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या परिसराच्या भेटीस सर्वांत सोयीचा आहे. मुंबईहून कर्जत, बदलापूर वा अंबरनाथकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्यांनी तिन्ही शहरांत उतरता येते. शहाडला मात्र कल्याणहून कसारा मार्गाने जावे लागते. सकाळी व सायंकाळी नोकरदारांची अतोनात गर्दी असल्याने दुपारपूर्वीचा मधला वेळ प्रवासास निवडावा. एका दिवसात सकाळी अंबरनाथचे मंदिर व दुपारनंतर उल्हासनगरच्या पेठा पाहून होतात. मलंगगड, चंदेरी व बारवीचा परिसर यांसाठी प्रत्येकी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा.